जुन्या फर्ग्युसनमध्ये क्वालिसचं इंजिन बसवायचंय? स्पॅनर उचलायच्या आधी हे वाचा

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, मी राहतो ऐरोलीला आणि नोकरी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सची. गावी पडवीच्या मागे आजोबांचा राखाडी फर्ग्युसन ट्रॅक्टर, टीईए-२०, म्हणजे पेट्रोलवाला, वीसेक वर्षं नुसता उभा होता, कोंबड्या सीटवर अंडी घालायच्या. ब्लॉकला ही मोठी चीर, त्यावर कोणीतरी दोनदा वेल्डिंग मारून बघितलेलं. त्यात मी टोयोटा क्वालिसचं २४४६ सीसीचं डिझेल इंजिन बसवलं, दोन उन्हाळे गेले आणि एकदा सगळं काढून परत करावं लागलं. ते परत करणं तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय. नवीन माणूस आहे असं धरून सांगतो, ज्याला माहितीये त्याने पुढे सरकावं.

एक गोष्ट आत्ताच डोक्यात बसवा. गाडीत इंजिन चासीवर ठेवलेलं असतं, आणि फर्ग्युसनला चासीच नाही. पुढचा अ‍ॅक्सल इंजिनला लटकलेला, इंजिन गिअरबॉक्सच्या हाउसिंगला बोल्ट केलेलं, म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टरचा कणा. तुम्ही कणा काढून तिथे असं काहीतरी ठेवणार आहात जे कणा म्हणून बनवलेलंच नाही. पुढची सगळी डोकेदुखी यातनंच येते.

१. इंजिन खरंच बदलायचंय का ते बघा

टीई-२० (टीईए हा त्यातलाच प्रकार) इंग्लंडात कोव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात बनला, पाच लाखांच्या वर. सुरुवातीला कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं, नंतर स्टँडर्ड कंपनीचं आलं. हे स्टँडर्डचं इंजिन म्हणजे मुळात व्हॅनगार्ड गाडीचं भावंड, आणि ट्रायम्फच्या टीआर-२ स्पोर्ट्स गाडीतही याच घराण्याचा ब्लॉक. त्यात लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) वेट आहेत, म्हणजे उपसून बदलता येतात. आधीच्या इंजिनांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, १८५० सीसी. १९५१ पासून ८५ मिमी, २०८८ सीसी. आणि ८७ मिमीचे लायनर-पिस्टन घातले तर २१८७ होतात. म्हणजे तुमचा ब्लॉक धड असेल तर त्याच ब्लॉकमध्ये मोठं इंजिन मिळतंय, भार पेलायची लोखंडी चॅनेल नको, इंजिन-गिअरबॉक्स जोडायची अडॉप्टर प्लेट नको, आरटीओची कटकटही बरीच कमी. लायनर बाहेरून मागवावे लागतात हे खरं, तरी मी सांगेन आधी हाच रस्ता बघा. माझा ब्लॉकच गेलेला म्हणून मी पुढे गेलो.

लोकांना व्हिडिओ बघून व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिना) चं खूळ लागतं. अमेरिकेत फोर्डच्या ८एन ट्रॅक्टरला फ्लॅटहेड व्ही-८ बसवायचं फंक कंपनीचं किट मिळायचं, मूळ इंजिनच्या जवळपास दुप्पट सीसी. पण ते तयार किट होतं, त्यासोबत अडॉप्टर-ब्रॅकेट सगळं यायचं. आपल्याकडे किट म्हणजे आपण आणि लेथवाला.

२. कागद आणि कायदा, हे सगळ्यात कंटाळवाणं पण पहिलं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए(४) आलं, त्यात प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पेट्रोलचं डिझेल, दुसऱ्या कंपनीचं इंजिन, दुसरा इंजिन नंबर, तुम्हीच मोजा.

दोन गैरसमज कायम ऐकू येतात. एक, ‘विंटेज म्हणून रजिस्टर करू’. २०२१ चे विंटेजचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी कारसाठी आहेत, ट्रॅक्टर त्यात येत नाही, आणि आला असता तरी त्यात गाडी मूळ रूपात लागते. दोन, ‘माझ्या शेतात चालवतो, मला कोण विचारतो’. कलम ३९ मध्ये रजिस्ट्रेशनशिवाय सार्वजनिक जागी ‘किंवा इतर कुठल्याही जागी’ चालवायचं नाही असं लिहिलंय, तेव्हा हे बोलणं पारावर ठीक आहे, कागदावर टिकत नाही.

म्हणून हात लावायच्या आधी तुमच्या आरटीओत (आमच्याकडे मुरबाड-कल्याण एमएच-०५, ठाणे ०४, नवी मुंबई ४३, पनवेल ४६) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘होईल हो’ म्हणणाऱ्यावर एक रुपया खर्च करू नका. मी आधी काम केलं आणि मग अर्ज टाकला, तो अजून लोंबकळतोय, ट्रॅक्टर बांधाच्या आत फिरतो आणि ती रिस्क माझी आहे. तुम्ही उलट करा.

कागद हे लागतील: ट्रॅक्टरची आरसी (आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करून तुमच्या नावावर घ्या, यातच वेळ जातो), इंजिन घेतल्याचं पक्कं बिल ज्यावर इंजिन नंबर लिहिलेला, ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची कॉपी आणि ती स्क्रॅप झाल्याचा पुरावा. जुना ब्लॉक फेकू नका, इंजिन नंबर त्यावर आहे.

३. इंजिन कुठलं घ्यायचं

साधा नियम: कॉम्प्युटर नको, लोखंडी ब्लॉक पाहिजे, आणि पार्ट जवळ मिळाले पाहिजेत. कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका, त्याची वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) शेतात जगवणं आपल्याच्याने होणार नाही. क्वालिसचं हे इंजिन, त्याला २एल म्हणतात, मेकॅनिकल पंपावर चालतं. महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआयही चालतं, मला क्वालिस चांगल्या कंडिशनमध्ये मिळाली एवढंच.

शीळफाट्याच्या बाजूला भंगारची गोडाऊनं आहेत, कुर्ल्याला बाजार आहे. इंजिन चालू करून ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही. जागेवर बॅटरी आणि डिझेलची बाटली लावून चालवून दाखवतात, नाही म्हणाला तर पुढचं दुकान. ऑइलची कॅप काढून हात धरा, दणादण हवा मारत असेल तर रिंगा गेल्यात. कूलंटमध्ये तेलाचा तवंग किंवा गरम झाल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर सोडून द्या, या इंजिनाचं हेड एकदा तापलं की तडकतं हे सगळ्या क्वालिसवाल्यांना माहिती आहे. आणि घेताना फक्त इंजिन घेऊ नका! फ्लायव्हील, क्लच, प्रेशर प्लेट, स्टार्टर, अल्टरनेटर, रेडिएटर, फॅन आणि बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कास्टिंग) सगळं त्याच गाडीचं मागा. बेलहाउसिंग नंतर कापायला लागेल तरी मागा, माप घ्यायला लागतं. मी आणलं नव्हतं, परत शीळफाटा.

आणि टायमिंग बेल्ट. इंजिन बाहेर आहे तोवर बेल्ट आणि टेन्शनर नवा टाका, नंतर तिथे हात जाणार नाही.

४. हत्यारं

दोन टनाचा चेन ब्लॉक आणि त्याला टांगायला भरवशाचा आडवा गर्डर (आंब्याची फांदी नको, आमच्याकडे काका फांदीच म्हणत होते), चार मजबूत घोडे (टेकूचे स्टँड), ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच, मॅग्नेटिक बेससकट डायल गेज, व्हर्नियर. फर्ग्युसनचे बोल्ट इंची आहेत आणि क्वालिसचे मिमी, दोन्ही पाने लागतील, आणि बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर मिमीचा बोल्ट इंची भोकात अर्धा जातो आणि आटे घेऊन बाहेर येतो.

५. ट्रॅक्टर उघडणं

इंजिन निघालं की ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. मागचा तुकडा गिअरबॉक्सखाली घोडे लावून धरायचा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून अ‍ॅक्सल आणि त्याच्या सपोर्टच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नाहीतर बोल्ट सुटताक्षणी अख्खा पुढचा भाग कुशीवर पडतो आणि तिथे कुणाचा तरी पाय असतोच.

उघडायच्या आधी दोन मापं लिहून ठेवा: पुढच्या अ‍ॅक्सल सपोर्टपासून गिअरबॉक्सच्या तोंडापर्यंतची लांबी, आणि गिअरबॉक्सच्या तोंडापासून इनपुट शाफ्ट किती बाहेर आलाय. जुना फ्लायव्हील लावलेला असतानाच त्याच्या घासपट्टीचं तोंड किती आत आहे तेही मोजा. भिंतीवर खडूने लिहा, कागद हरवतो.

६. फ्रेम, इथेच मी आपटलो

पहिल्या वेळी मी काय केलं, गाडीच्या इंजिन माउंटच्या भोकांना ब्रॅकेट लावून अ‍ॅक्सल सपोर्ट थेट ब्लॉकला जोडला, मागे अडॉप्टर प्लेट, दिसायला एकदम कंपनी फिटिंग. सपाटीवर मस्त चालला. मग नांगर उचलून बांध ओलांडताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि कट्ट करून आवाज. अडॉप्टर आणि बेलहाउसिंगच्या मध्ये खाली बोटभर फट आणि दोन बोल्ट मुंडकं सोडून गेलेले. ती माउंटची भोकं इंजिनाचं वजन टांगायला असतात, हजार-अकराशे किलोच्या ट्रॅक्टरचं पिळणं झेलायला नाही. आणि खालचा संप, म्हणजे ऑइलची टाकी, तर पत्र्याचा.

बरोबर पद्धत अशी की दोन्ही बाजूंनी सी चॅनेल टाकायचे, पुढे अ‍ॅक्सल सपोर्टला आणि मागे गिअरबॉक्स हाउसिंगच्या मूळ बोल्टांना जाड प्लेटने पकडायचे. सगळा भार चॅनेलमधून जातो आणि इंजिन मध्ये नुसतं बसलेलं असतं. मी १०० बाय ५० चं चॅनेल वापरलं, पुढे आणि इंजिनाच्या खाली एकेक आडवा क्रॉस मेंबर. मागच्या टोकाला चॅनेल थेट वेल्ड करू नका, गिअरबॉक्सचं हाउसिंग कास्टिंग आहे, बोल्टनेच पकडा.

फर्ग्युसनच्या स्टिअरिंगची दांडी दोन्ही बाजूंना आहे, डावीकडे एक उजवीकडे एक, मागून पुढे जाते, आणि अ‍ॅक्सलच्या टोकांपासून मागे येणारे रेडियस रॉडही आहेत. चॅनेल यांच्या आत बसवायचं आणि चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, अ‍ॅक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, अशा चारही जागी हात घालून बघायचं. सायलेन्सरचा पाइपही याच जागेत येतो, म्हणून मी तो सरळ वर काढला, जुन्या ट्रॅक्टरसारखा.

इंजिन चॅनेलवर क्वालिसच्याच रबर माउंटवर ठेवावं का? नाही. मागे अडॉप्टर कडक आणि पुढे रबर असलं की इंजिन पुढून डुलतं आणि सगळा ताण अडॉप्टरच्या बोल्टांवर. पुढेही कडकच बसवा, हाताला मुंग्या येतील पण चालतं.

संप खाली अ‍ॅक्सलला लागतो का तेही आत्ताच बघा. अ‍ॅक्सल डुलतो तेव्हा मधला भाग हलत नाही पण कडा वर येतात. माझ्याकडे संप कापून उथळ करायला लागला, आणि संप उथळ केला की ऑइल ओढायच्या जाळीचा पाइपही तेवढाच वर घ्यायचा, आणि कमी झालेलं ऑइल भरून काढायला संप बाजूने रुंद करायचा. चढावर ऑइल मागे जातं, जाळी कोरडी पडली की बेअरिंग गेलं.

७. अडॉप्टर प्लेट आणि क्लच

पुठ्ठ्याचा साचा करा: फ्लॅंजला ग्रीसचा हात फिरवा, पुठ्ठा दाबा, भोकांचे ठसे उमटतात. पण हा साचा फक्त आकारासाठी, सेंटरसाठी नाही. सेंटर डायल गेजनेच. गेज फ्लायव्हीलला चिकटवून क्रँक हाताने फिरवायचा आणि अडॉप्टरच्या मधल्या गोलावर काटा किती सरकतो ते बघायचं. पूर्ण फेरीत ०.१३ मिमीच्या आत, टर्नर लोक ‘पाच थाऊ’ म्हणतात तेवढं. जास्त असेल तर क्लच प्लेट दरवेळी वाकडी पकडते, शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागतं आणि तुम्ही सहा महिने गिअरबॉक्सला शिव्या घालता. सेंटर जमलं की दोन डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या) ठोका, मग पुढे कितीदाही उघडलं तरी तिथेच बसतं. प्लेट जाड घ्या, १६ किंवा २० मिमी, आणि दोन्ही तोंडं फेस करून घ्या, गॅस कटिंगची प्लेट तशीच लावली तर नक्की वाकडी.

क्लचचा जुगाड सोपा आहे. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट क्वालिसची, शाफ्ट फर्ग्युसनचा. क्लच प्लेटचं सेंटर, म्हणजे मधली दातांची बुश, फर्ग्युसनच्या प्लेटची काढून क्वालिसच्या प्लेटवर रिबिट मारून घ्यायची. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आसपास क्लच रिपेअरवाले करून देतात. रिबिट मारताना सेंटरची लांब बाजू कुठल्या दिशेला ते आधी शाफ्टवर घालून बघा, उलटं मारलं की फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतं. पायलट बुश (शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारी) लेथवर बनवा, बाहेरून टोयोटाच्या क्रँकच्या भोकाचं माप आणि आतून फर्ग्युसनच्या शाफ्टचं.

मग मघाशी भिंतीवर लिहिलेलं माप काढा. घासपट्टीचं तोंड पूर्वीच्याच खोलीवर आलं पाहिजे, नाहीतर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं) एक तर पोचत नाही किंवा कायम टेकून राहतं. प्लेटची जाडी यावरूनच ठरते, दुकानात काय पडलंय त्यावरून नाही.

बोल्ट आवळताना दोन्ही तोंडं हाताने टेकली पाहिजेत. फट आहे आणि बोल्टने ओढून घेताय, तर थांबा, शाफ्ट कुठेतरी अडकलाय. अशाने कास्टिंगचा कान तुटतो आणि तो तुटला की आख्खं प्रकरण संपलं.

८. आरपीएम

क्वालिसला ७५ पीएस लिहिलंय ते वरच्या आरपीएमला. फर्ग्युसनचं मूळ इंजिन तिशीच्या आत, २००० आरपीएमवर चालणारं, आणि गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक सगळं त्या हिशोबाचं. पीटीओ (मागे जोडलेलं मशीन फिरवणारा शाफ्ट) इंजिन १५०० च्या आसपास असताना ५४० देतो. तुम्ही इंजिन ३००० ला नेलंत तर पीटीओ हजाराच्या वर, आणि मागे भात झोडायचं मशीन लावलं असेल तर ते सुटं होऊन उडेल. टॉप गिअरला स्पीडही डबल, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना. हायड्रॉलिकचा पंपही त्याच शाफ्टवर.

म्हणून डिझेल पंप सरळ पंपवाल्याकडे न्या, टेस्ट बेंचवर मॅक्सिमम स्क्रू खाली आणून वरची लिमिट २२०० च्या आसपास बांधून सील करून घ्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा: या पंपात गव्हर्नर (स्पीड आपोआप सांभाळणारा भाग) सगळ्या स्पीडला काम करणारा आहे की फक्त आयडल आणि टॉपला? गाड्यांमध्ये दुसरा प्रकारही येतो. ट्रॅक्टरला हाताचा थ्रॉटल एका जागी ठेवून काम करायचं असतं, नांगर रुतला की इंजिनाने आपोआप डिझेल वाढवलं पाहिजे, आणि उचलला की कमी केलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारचा पंप असेल तर नांगर रुतला की इंजिन बसतं आणि उचलला की बोंबलत सुटतं. बेंचवरच बदलून घ्या.

एअर इनटेकवर हाताने बंद होणारी झडप लावा. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळत सुटलं तर चावी काढून बंद होत नाही, हवा तोडावी लागते.

९. थंड ठेवणं

गाडीला वारा मिळतो, ट्रॅक्टर तासाला चार किलोमीटरने रांगतो आणि पूर्ण लोडवर. क्वालिसचा रेडिएटर, इंजिनवर चालणारा फॅन आणि त्याच्याभोवती पत्र्याचं श्राउड (कडं), यातलं एकही सोडू नका. पुढे बारीक जाळी, पेंढा आणि कोंडा अडकतो, दिवसातून दोनदा हाताने साफ. टेम्परेचरचा काटा डोळ्यासमोर पाहिजे, हेडचं आधी सांगितलंच आहे.

१०. टाकी आणि वायरिंग

डिझेल इंजिनाला रिटर्न लाइन लागते, पेट्रोलच्या जुन्या टाकीला ते तोंड नसतं. ती टाकी वेल्डिंगला नेऊ नका. वीस वर्षं रिकामी असली तरी पत्र्यात पेट्रोलची वाफ बसलेली असते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. मी फिलरच्या मानेला भोक पाडून नट-वॉशरवाला निपल टाकला, वेल्डिंगच नाही.

क्वालिसच्या अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्युम पंप असतो, त्याला इंजिनाचं ऑइल जातं. तो नको म्हणून काढलात तर ऑइलची लाइन नीट बंद करा, नुसता पाइप बांधून ठेवला तर पाच मिनिटांत इंजिन कोरडं. मी तो ठेवूनच दिला.

हे जुने ब्रिटिश ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थ असायचे. क्वालिसचा अल्टरनेटर निगेटिव्ह अर्थ. जुन्या केबलचा रंग बघून बॅटरी जोडलीत तर अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी उडतात. सगळी वायरिंग नवी करा, आहेच किती! ग्लो प्लगवर (थंड डिझेल इंजिन चालू करताना आतून तापवणारे) छापलेला व्होल्टेज वाचा, टोयोटाच्या प्लगात १२ पेक्षा कमी व्होल्टचेही येतात आणि त्यांना बटणाने थेट बॅटरी दिली की जळतात.

एक गोष्ट मात्र काढू नका. फर्ग्युसन गिअरच्या दांडीने चालू होतो, दांडी एस वर ढकलली की स्टार्टर, म्हणजे गिअरमध्ये असताना चालू होऊच शकत नाही. बरेच जण तिथे पुश बटण लावतात. त्याच स्विचवरून रिले घेऊन नवा स्टार्टर जोडा, ट्रॅक्टर अंगावर येऊन माणसं गेलेली आहेत ती याच बटणांमुळे.

११. पहिल्यांदा चालू करताना

पीटीओ बंद, मागची चाकं घोड्यांवर, एक माणूस हवेच्या झडपेपाशी. डिझेल बंद ठेवून आधी स्टार्टरने नुसतं फिरवा, ऑइल प्रेशर आलं की मगच डिझेल. आयडलवर दहा मिनिटं, मग हळूहळू लिमिटपर्यंत, टॅकोमीटर नसेल तर चिकटपट्टी लावून हातातल्या मशीनने आरपीएम मोजा, कानावर जाऊ नका, डिझेल इंजिन २२०० ला पण भयंकर वाटतं.

पहिले दहा तास हलकं काम, मग चॅनेल आणि अडॉप्टरचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या मुंडक्यावरून चॅनेलवर जाईल अशी पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा, सरकला की लांबून दिसतं. चिखलणीच्या दिवसात संध्याकाळी आधी चॅनेल धुवायचं, मग रेघा बघायच्या, चिखलाखाली काही दिसत नाही. गेल्या आषाढात मला दोन रेघा तुटलेल्या दिसल्या, दोन्ही डाव्या चॅनेलच्या मागच्या टोकाच्या, तिथे आता स्प्रिंग वॉशर काढून लॉकनट लावलेत.